कॅमेरा कोणाच्या हातात?

वर्तमानपत्रात आपला समाज केव्हा दिसतो? वस्ती जाळली, खून पडला, मोर्चा निघाला की! एरवी त्याच्या कष्टाचा फोटो छापावा असे प्रस्थापित माध्यमांना वाटत नाही. ही कोंडी कॅमेऱ्याने फोडणारे नाव म्हणजे सुधारक ओलवे.

अकोल्यात जन्मलेले ओलवे 1988 पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागले. बड्या इंग्रजी दैनिकाच्या नोकरीत पुढारी आणि नटनट्यांचे फोटो काढून ते सुखाने राहू शकले असते. ते गेले मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे. मैल्यात उतरलेली माणसे, उघड्या हातांनी उपसलेला कचरा, कामगारांची घरे आणि बायकामुले त्यांनी कृष्णधवल चित्रांत पकडली. एका दिवसाची बातमी म्हणून नव्हे, वर्षानुवर्षे. जातीने माथी मारलेले काम म्हणजे काय, ते या चित्रांनी दाखवले. 2005 साली नॅशनल जिऑग्राफिकच्या 'ऑल रोड्स' उपक्रमाने जगभरातून निवडलेल्या चौघा छायाचित्रकारांत ओलवे होते. 2016 मध्ये पद्मश्री मिळाली.

छायाचित्रकाराचा सन्मान झाला; पण चित्रातल्या माणसाचे काय? हाताने मैला साफ करण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला. दुसरा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, महापरिनिर्वाणदिनीच अमलात आला. गटारात मेलेल्याच्या वारसांना 10 लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढली, मरण थांबले नाही! फोटो माणसाला गटारातून वर काढत नाही, हे खरे. पण 'आम्हाला माहीतच नव्हते' ही पळवाट तो बंद करतो.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण आपली व्यथा दुसऱ्याच्या पत्रात नीट उमटणार नव्हती. जे लेखणीचे, तेच कॅमेऱ्याचे. आज लासुर्णेसारख्या गावातही तरुणांच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. त्यात जयंतीची मिरवणूक असते, पुढाऱ्यासोबतचा सेल्फी असतो. इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात हंगामाला येणाऱ्या तोडणी मजुरांच्या कोप्या, पहाटे फडात निघालेली बाई, गटार उपसणारा कामगार त्यात का नसावा? त्यांना विचारून, त्यांचा मान राखून फोटो काढा. खाली गाव आणि तारीख लिहा. उद्या कोणी 'असे घडलेच नाही' म्हणाला, तर पुरावा आपल्या हाती असला पाहिजे!