एकास त्रेचाळीस : जुन्या मोटारींच्या लघुप्रतिकृती

मोटारीच्या लघुप्रतिकृतीत सगळं मापावर ठरतं. 1:18 आणि 1:43 ही संग्राहकांची आवडती प्रमाणं. सुमारे 4.3 मीटर लांबीची अॅम्बॅसडर पहिल्या प्रमाणात 24 सेंटिमीटरची होते, दुसऱ्यात 10. त्रेचाळीस हा आडनिडा आकडा आगगाड्यांकडून आला. ब्रिटनमधल्या ओ गेज रेल्वेत एका फुटाला 7 मिलिमीटर धरत. त्या रेल्वेशेजारी मांडायला लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1930 च्या दशकात छोट्या मोटारी काढल्या. त्याच पुढे डिंकी टॉइज म्हणून गाजल्या. डिंकीचे काही जुने साचे नंतर कोलकात्याला आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने त्यांतून मोटारी निघू लागल्या.

ही ओतीव खेळणी. हस्तनिर्मित प्रतिकृतीची वाट वेगळी. कारागीर आधी मूळ गाडीची मापं आणि छायाचित्रं जमवतो, त्यावरून हाताने नमुना कोरतो, त्याचा सिलिकॉन रबरी साचा घेतो आणि त्यात रेझिन ओततो. जाळी, वायपर यांसारखे नाजूक भाग पातळ पत्र्यावर आम्लाने कोरून काढतात. खरी परीक्षा रंगात आहे. मूळ गाडीत दार आणि बॉडी यांमधली फट 4 मिलिमीटर असेल, तर 1:43 मध्ये ती एक दशांश मिलिमीटरहूनही कमी भरते. रंगाचा एक हात जाड बसला की ती बुजते. शिवाय लहान वस्तूवर रंग गडद भासतो, म्हणून जाणकार कारागीर मूळ छटा किंचित उजळ करतो.

प्रतिकृती पारखताना चकचकीत क्रोमला भुलू नये. आधी गाडीची बैठक बघावी : चाकं मडगार्डखाली योग्य उंचीवर आहेत का, छताचा उतार बरोबर आहे का. अॅम्बॅसडरचं गोलसर बॉनेट जरा चपटं झालं, तरी गाडी परकी वाटते.

दिल्ली परिसरात जुन्या मोटारींविषयीचा आणि त्यांच्या खेळण्यांविषयीचा जिव्हाळा बघायचा तर हरियाणाच्या नूह जिल्ह्यातलं तावडू गाठावं. तरुण ठकराल यांनी उभारलेलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम 2013 मध्ये तिथे खुलं झालं. खऱ्या जुन्या मोटारींबरोबर वाहनांच्या भारतीय खेळण्यांचंही स्वतंत्र दालन तिथे आहे. खेळण्याला इतिहासाचा पुरावा मानणारी ही मांडणी फार मोलाची आहे.

संग्रह सांभाळायला बंद काचेचं कपाट हवंच. दिल्लीची धूळ आणि ऊन दोन्ही रंगाला मारक. जुन्या जस्ताच्या प्रतिकृतींत शिशाची भेसळ असेल, तर दमट हवेत धातू आतून तडकतो. त्यावर उपाय नाही. घेण्याआधी तळ तपासावा.

या कलेला दिल्लीत आज तातडीचं काम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राजधानी क्षेत्रात मनाई केली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर असंख्य गाड्या भंगारात गेल्या किंवा परराज्यांत विकल्या गेल्या. जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वाचवावी म्हटलं, तर केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार तशी ठरायला 50 वर्षं लागतात. म्हणजे डिसेंबर 1983 मध्ये गुडगावातून बाहेर पडलेली पहिली मारुती 800 देखील 2033 पर्यंत त्यात बसत नाही. ज्यांच्या दारात अशी गाडी अजून उभी आहे, त्यांनी ती देऊन टाकण्याआधी एखाद्या प्रतिकृतीकाराला तिची मापं घेऊ द्यावीत.