ऐप्पसीच्या पावसातल्या जुन्या गाड्या

महाराष्ट्रात दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा पाऊस सरलेला असतो. तंजावूरला तो त्याच दिवसांत मुक्कामाला येतो. तमिळनाडूच्या वर्षभराच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. ऐप्पसी आणि कार्तिगै हे तमिळ महिने म्हणजे इथल्या मराठी घरांचा पावसाळा आणि हिवाळाही. थंडी नावापुरतीच, पहाटेचा पारा वीस अंशांच्या आसपास थांबतो. पण गाडीवाल्याचा कस लागायला एवढा हिवाळा पुरे. युरोपातले जुने गाडीवाले बर्फाच्या आठवणी काढतात, आम्ही पाण्याच्या.

कल्लणैच्या बंधाऱ्यापासून कावेरीला फाटे फुटतात. तंजावूरहून तिरुवैयारूला जायचे तर अंतर जेमतेम तेरा किलोमीटर, पण वाटेत वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी असे एकामागून एक पूल. रस्ता बांधावरून जातो, दोन्ही बाजूंना सांबा हंगामाचे भात पाण्यात उभे असते. डांबराच्या कडेला गाळाची माती. समोरून बस आली की चाक खाली उतरवावेच लागे, आणि उतरलेले चाक वर चढवणे हे इथल्या ड्रायव्हिंगचे पहिले शिक्षण. ॲम्बॅसडरला जोर मागच्या चाकांचा आणि वजन पुढे, त्यामुळे मागची चाके जागच्या जागी फिरत राहत. अप्पा ऐप्पसी लागली की डिकीत भाताचे पोते टाकून ठेवत. स्वीडन, कॅनडातले लोक बर्फाच्या दिवसांत डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवतात, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले.

या रस्त्यांवर तीन गाड्यांचे राज्य होते. हुगळीकाठच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि मद्रासजवळ वंडलूरला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. हेराल्ड १९६१ला आली आणि आमच्या भागात तिचा मान मोठा होता, कारण ती घरची गाडी. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटे. भर पावसात इंजिन कोरडे करायचे तर याहून सोयीची रचना मी पाहिलेली नाही. पण तिच्या मागच्या आसाची चाके वळणावर कलत, आणि ओल्या रस्त्यावर वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग बाहेर फेकला जाई. मामा वळणाआधीच वेग उतरवत आणि पाय हलका दाबलेला ठेवून वळण संपवत. हेराल्ड चालवणारा माणूस शांत स्वभावाचा होई, असे मला आजही वाटते.

पाण्यात गाडी बंद पडे ती बहुतेक वेळा करंट गेल्याने. या सगळ्या गाड्यांना पॉइंट आणि डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. डेल्कोच्या टोपीत दमट हवा शिरली की ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याऐवजी ओलाव्याच्या वाटेने निसटते. मग सेल्फ मारत बसायचे आणि बॅटरी उतरवायची. जाणता माणूस टोपी काढी, कोरड्या सुती फडक्याने आतून पुसे, इंजिनावर ठेवून ऊब देई आणि मग बसवी. त्याहून जाणता माणूस निघण्यापूर्वीच डेल्कोवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून ठेवी. गुडघाभर पाणी दिसले की आणखी एक काम असे. फॅन बेल्ट सैल करायचा, नाहीतर पंखाच पाणी उचलून कॉइलवर आणि प्लगांवर मारतो. रेडिएटर तेवढा वेळ निभावून नेई.

मग पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, इंजिनाचा आवाज चढता आणि गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा. मध्ये पाय काढायचा नाही. सायलेन्सरच्या तोंडातून धूर जोरात बाहेर पडतो तोवर पाणी आत येत नाही. काठावरून एखादा शेतकरी ओरडे, "रायर, थांबू नका!" मराठी माणसाला इथे अजून रायरच म्हणतात. पलीकडे पोहोचल्यावरही काम संपत नसे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आत पाणी भरलेले, पहिल्या दाबाला गाडी थांबतच नाही. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून काही अंतर जायचे, लायनर तापून कोरडे झाले की पकड परत येते.

मद्रासला नोकरीला गेलेली मराठी घरे दीपावलीला गावी येत ती विक्रवांडीवरून कुंभकोणमच्या रस्त्याने. त्या वाटेवर अणैक्करै लागते. आर्थर कॉटनने १८३६मध्ये कोळ्ळिडम नदीवर बांधलेला हा खालचा बंधारा, आणि त्याच्यावरूनच अरुंद रस्ता. कोळ्ळिडमला पूर असला की खाली सगळी दारे उघडलेली, पाण्याच्या गर्जनेत इंजिनाचा आवाज ऐकू येत नसे. ज्या कानावर भिस्त ठेवून आम्ही गाडी चालवायचो, तोच तिथे निरुपयोगी होई. वायपर हळू, काच आतून धुरकट. बाहेरून काचेवर तंबाखू चोळली की पाण्याचे थेंब न साचता पसरतात, हा उपाय त्या वाटेवरच्या लॉरीवाल्यांकडून आम्ही उचलला.

या सगळ्या कौशल्याला मर्यादा होती. नोव्हेंबर २००८मध्ये निशा चक्रीवादळात तंजावूर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला चोवीस तासांत ६५७ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला तेव्हा मुंबईच्या फियाट टॅक्सीवाल्यांनी जे पाहिले, तेच आमच्याकडच्या लोकांनी पाहिले. अशा पाण्यात गाडी घराच्या ओट्याला लावून ठेवणे हेच शहाणपण.

बर्फाच्या देशांशी आमचा एक धागा जुळतो, आणि मला तो फार आवडतो. ब्रिटनच्या छोट्या मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७मध्ये मोंटे कार्लो रॅली जिंकली, त्यातली १९६५ची तर भीषण बर्फवृष्टीत. मिनीचे इंजिन आणि आमच्या ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन ही एकाच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची भावंडे. मिनीचे इंजिन आडवे, वजन आणि जोर दोन्ही पुढच्या चाकांवर, म्हणून बर्फात ती चढत गेली. पण तिचा डेल्को थेट पुढच्या जाळीमागे, त्यामुळे जोराच्या पावसात ती हटकून रुसे. ॲम्बॅसडरचा डेल्को इंजिनाच्या कुशीला, थोडा आडोशाला. बर्फात ती मिनीपुढे टिकली नसती, पण वेण्णारच्या काठी मी डोळे मिटून ॲम्बॅसडरच निवडेन.

पुढच्या मार्गळी महिन्यात पाऊस ओसरतो आणि भातावर धुके बसते. पहाटे चोक ओढून गाडी गरम करायची, दारातली कोलमची रांगोळी वाचवत गल्लीतून काढायची. जानेवारीत त्यागराज आराधनेला तिरुवैयारूची वाट गर्दीने भरते. त्याच सुमारास कापणी होते आणि शेतकरी मळणीसाठी रस्त्यावर भात पसरतात. वाळक्या पेंढ्यावर ब्रेक दाबला की गाडी साबणावरून सरकावी तशी पुढे जाते. शिवाय पेंढा मागच्या शाफ्टला गुंडाळला जातो, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो. करपट वास आला की उतरून गाडीखाली शिरायचे आणि विळ्याने तो कापून काढायचा.

हेराल्ड केव्हाच बंद झाली, ॲम्बॅसडर २०१४मध्ये, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. जुलै २०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, इंधन भरायला नेता येते, रोजच्या वापराला नाही. गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील, म्हणून मला हा नियम हवासा वाटतो. पण प्रदर्शनात उभी असलेली हेराल्ड पाहणाऱ्याला तिच्या चकचकीत रंगापलीकडे काय कळणार? डेल्कोची टोपी उबवणारे, पॉइंटची फट पत्र्याच्या पट्टीशिवाय नुसत्या नजरेने लावणारे मिस्त्री तंजावूरच्या आणि कुंभकोणमच्या गॅरेजांत अजून आहेत, आणि ते आता सत्तरीला आले आहेत. मराठी घरांनी आपल्या जुन्या गाड्या विकताना त्यांचे कागद, फोटो जपून ठेवावेत, आणि या मिस्त्र्यांसमोर बसून त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. ऐप्पसीत गॅरेजला काम कमी असते, बोलायला ते मोकळे असतात.