पालीची शिकार आणि मराठी क्रियापदे

प्राण्याच्या वर्तनाचे वर्णन करताना निरीक्षकास जे प्रत्यक्ष दिसते आणि भाषा त्याच्याकडून जे वदवून घेते, या दोहोंत पुष्कळदा अंतर पडते. घरातील पाल जिवंत कीटकांची शिकार कशी करते, हे नित्य परिचयाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरावे. कोल्हापुरात वळीव बरसून गेल्यावर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमते. त्या वेळी घरच्या भिंतीवरच हे वर्तन आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येते.

या शिकारीचे स्थूलमानाने चार टप्पे पडतात. प्रथम पाल उजेडाच्या कडेला निश्चल राहते. कीटक हलला की ती मान त्याच्याकडे वळवते. हालचाल हीच तिला भक्ष्याची मुख्य खूण असल्याने स्तब्ध बसलेला कीटक पुष्कळदा समोर असूनही बचावतो. दुसऱ्या टप्प्यात ती अंग भिंतीसरसे ठेवून थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. तिसऱ्यात उरलेले अंतर एका धावेत कापून ती कीटकास जबड्यात पकडते. चौथ्यात ती भक्ष्य गिळते. ते मोठे असल्यास आधी भिंतीवर आपटते. उभ्या भिंतीवर हे सर्व साधते ते बोटांखालच्या असंख्य सूक्ष्म केसांमुळे. त्यांची पकड कोणत्याही चिकट द्रवाची नसून रेणूंमधील क्षीण आकर्षणाची आहे, हे २००० आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले.

आता या टप्प्यांसाठी आपण वापरतो ती क्रियापदे पाहू. पहिल्यास आपण ‘दबा धरणे’ म्हणतो, तिसऱ्यास ‘झडप घालणे’. ‘निश्चल राहणे’ हे निरीक्षण होय. ‘दबा धरणे’ यात मात्र हेतूचा आरोप आला. पोट भरलेली पालही तितकीच निश्चल असू शकते. शिकार घडून गेल्यावरच आपण मागील स्तब्धतेला ‘दबा’ हे नाव देतो, म्हणजे परिणामावरून हेतू ठरवितो.

तथापि लोकभाषा सर्वत्र सैल असते असे नव्हे. ‘पाल’ आणि ‘सरडा’ हे शब्द अनुक्रमे ‘पल्ली’ आणि ‘सरट’ या संस्कृत शब्दांशी जोडले जातात, आणि मराठी बोलणारा सहसा एकाला दुसऱ्याचे नाव देत नाही. इंग्रजीत दोहोंना सामावणारा एकच सामान्य शब्द रूढ आहे. प्राणिशास्त्रही यांना भिन्न कुळांत घालते, आणि भेद शिकारीतही दिसतो: पाल भक्ष्य जबड्याने धरते, तर सरड्यांच्या गटात ते पकडण्याचे काम जीभ करते. शॅमेलिऑन सरड्यात तर ही जीभ शरीराच्या लांबीहूनही दूर फेकली जाते. घोरपड याहून निराळी. ती हिंडून, दुभंगलेल्या जिभेने गंध टिपत भक्ष्य शोधते. सातारच्या चाळकेवाडी पठारावरील पंखगळ्या सरड्यांच्या प्रजातीला २०१६ साली ‘सरडा’ हेच मराठी नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले गेले, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

याउलट ‘चुकचुकणे’ या क्रियापदाची स्थिती आहे. मनात शंकेची पाल चुकचुकते, पंचांगात पल्लीपतनाची फळे दिलेली असतात. परंतु शिकार करणारी पाल नि:शब्द असते. तो आवाज मुख्यत: दुसऱ्या पालीला उद्देशून, हद्द अथवा जोडीदार यांच्या संबंधात केलेला असतो. शकुन ऐकणाऱ्याच्या मनात असतो, भिंतीवर नव्हे.

मराठीतून वर्तनशास्त्र लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास यावरून एक व्यावहारिक नियम सुचतो. निरीक्षणवहीत प्रथम ‘थांबली, वळली, सरकली, धावली, पकडले’ अशी क्रियापदे, वेळेच्या नोंदीसह, लिहावीत. ‘दबा’ आणि ‘झडप’ हे शब्द निष्कर्षासाठी राखून ठेवावेत. परिभाषेसाठी दरवेळी नवे शब्द घडवावे लागत नाहीत. घरातल्या शब्दांपैकी कोणता पाहिलेले सांगतो आणि कोणता मानलेले, एवढा विवेक बहुधा पुरेसा असतो.