प्रार्थना : मागणे आणि निवडणे

प्रार्थना म्हणजे देवापुढे ठेवलेले मागणीपत्र, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. आजार बरा होवो, मुलाला नोकरी लागो, पाऊस पडो. तसे मागण्यात गैर काही नाही. ख्रिस्ती माणूसही तसे मागतो. परंतु मागणीपत्रे लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हां कामगार संघटनेच्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. वीस कलमे लिहून काढणे सोपे असते. मालकासमोर वाटाघाटीला बसल्यावर कोणते कलम सोडता येईल आणि कोणते काही झाले तरी सोडावयाचे नाही, हे ठरविणे कठीण. ख्रिस्ती परंपरेतील प्रार्थनेचा मोठा भाग हे दुसरे, कठीण काम करण्यासाठी आहे. ते कसे, एवढेच आम्हांला येथे मांडावयाचे आहे.

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतील क्रम पाहावा. प्रथम देवाचे नाम, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा; भाकर त्यानंतर येते, आणि तीही त्या दिवसापुरती. तिच्यापाठोपाठ क्षमा : आपल्याला हवी ती आणि आपण दुसऱ्याला द्यावयाची तीही. ही प्रार्थना रोज म्हणणारा माणूस रोज आपल्या गरजांची क्रमवारी लावीत असतो. भाकर क्षुल्लक आहे असे तिच्यात कोठेही नाही. उपाशी माणसाला तसे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. भरलेल्या कोठाराची मागणी मात्र तिच्यात नाही.

या क्रमवारीची एक रीतसर पद्धत सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने बसविली. हा स्पेनमधील बास्क सरदार. 1521 साली पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले, तेव्हा रुबाबाला बाध येऊ नये म्हणून त्याने ते पुन्हा कापून घेतले, इतका तो मानमरातबाचा भुकेला होता. अंथरुणावर वाचावयास शौर्यकथा मिळाल्या नाहीत. ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा मिळाल्या. पडल्यापडल्या तो कधी दरबारातील पराक्रमाची स्वप्ने पाही, कधी संतांप्रमाणे जगण्याची. दोन्ही गोड वाटत. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आले, की पहिली ओसरली म्हणजे मन कोरडे पडते. दुसरीचा आनंद मागे उरतो. एवढ्याशा निरीक्षणातून त्याची सारी साधना निघाली. तिचे पुस्तक 1548 साली छापले गेले.

मोठा निर्णय घ्यावयाचा असेल तर इग्नेशियस काय सांगतो? प्रथम मन तराजूच्या काट्यासारखे मध्यावर आणा. श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांपैकी कशाचाही आधीच हट्ट नको. मग तीन कल्पना करा. ज्याला कधी पाहिले नाही असा माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याला कोणता सल्ला द्याल? मृत्युशय्येवर असताना आपण काय निवडलेले असावे असे वाटेल? आणि न्यायाच्या दिवशी? जे मुळातच वाईट आहे ते या तराजूत घालावयाचेच नाही, असेही तो बजावतो. शिवाय रोजची उजळणी आहे : दिवस कसा गेला, मन कोठे उघडले, कोठे आखडले, हे देवासमक्ष तपासणे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय 1869 साली काढणाऱ्या जेझुइट पंथाची बैठक ही आहे.

यावर कोणी म्हणेल, की माणूस आपलीच हौस देवाचा आवाज म्हणून खपवील. शंका रास्त आहे. तिचे उत्तर अठराव्या शतकातील एका शिंप्याच्या चरित्रात पाहावे. जॉन वुलमन हा अमेरिकेतील न्यू जर्सीचा. तो क्वेकर पंथाचा होता. हे लोक एकत्र बसून मौन धरतात. अंतरी काही सुचले तर एखादा उठून बोलतो. तरुण वुलमन दुकानात कारकुनी करीत असता धन्याने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले, पण हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे बोलूनही दाखविले. पुढे तसे खत लिहिण्यास त्याने नकार दिला. त्याचे स्वतःचे दुकान भरभराटीला आले, तेव्हा हा पसारा आपल्याला गिळील असे जाणून 1756 साली त्याने व्यापार सोडला. शिंपीकाम आणि सफरचंदाची बाग ठेवली. 1772 साली इंग्लंडात टपालगाड्यांवरील पोरांचे आणि घोड्यांचे हाल ऐकून तो त्या गाडीत बसला नाही, पायी हिंडला. त्याच वर्षी यॉर्क येथे देवीच्या रोगाने वारला.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच मौनात गुलाम बाळगणारेही डोळे मिटून बसत होते. नुसते बसल्याने कोणी बदलत नाही. वुलमनने मनाची टोचणी झोपू दिली नाही. आधी स्वतःच्या हिशेबाची वही बदलली, आणि मग गुलाम ठेवणाऱ्या धर्मबंधूंच्या घरोघर जाऊन प्रश्न मांडला. शिवाय आपला कौल त्याने मंडळीसमोर पारखावयास ठेवला. फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीने 1758 साली गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध पाऊल उचलले आणि 1776 साली गुलाम बाळगण्यासच बंदी केली. हौस आणि हाक यांतील फरक असा कळतो : हौसेची किंमत दुसरा मोजतो, हाकेची किंमत आपण मोजतो.

प्रार्थनेने माणूस निजतो, अशी टीका आमच्या चळवळीत नेहमी ऐकू येते. काही ठिकाणी ती खरीही आहे. परंतु जी प्रार्थना माणसाला त्याचा पगार, त्याचे दुकान आणि त्याचा मान तराजूत घालावयास लावते, ती निजविणारी खास नव्हे. देव मानणारा हे काम देवासमोर बसून करतो. न मानणाऱ्यालाही ते कोठेतरी बसून करावेच लागते. कारण कोणते कलम सोडावयाचे नाही हे ज्याने आधी ठरविले नाही, त्याच्यासाठी ते दुसराच कोणीतरी ठरवितो.