आपल्या वस्तीतील अंगणवाडी : पारख कशी करावी?



दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार परिसरातील गावोगावचे कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. काही लेकरे आईबापांबरोबर फडावरच्या कोप्यांत जातात, तर काही गावातच आजी-आजोबांजवळ राहतात. थकलेल्या आजीला दिवसभर नातवामागे धावणे जमत नाही. अशा लेकरासाठी अंगणवाडी म्हणजे केवळ खाऊ वाटण्याची जागा नव्हे, तर त्याच्या वाढीचा आधार आहे. म्हणून ती चांगली व सुरक्षित आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातलीच. ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर) बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हे अंगणवाडीचे मूळ सूत्र होय. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता-पालकांना आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. यांपैकी फक्त आहारच मिळत असेल, तर पाच सेवांबद्दल विचारलेच पाहिजे.

आता पारख कशी करावी ते पाहू.

पहिली गोष्ट जागेची. छत गळते काय, भिंतीला तडे आहेत काय, विजेच्या तारा उघड्या आहेत काय, जवळ विहीर, हौद वा रहदारीचा रस्ता आहे काय, हे पाहावे. स्वयंपाकाची चूल मुलांच्या बैठकीपासून वेगळी हवी. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून 94 मुले दगावली. हा धडा विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट अन्नपाण्याची. पाणी झाकलेले व ओगराळ्याने काढलेले असावे. धान्यात अळ्या-जाळी नसावी. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुतले जावेत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार मुलाचा हक्क ठरविला आहे, तो उपकार नव्हे.

तिसरी गोष्ट वजनाची. दर महिन्याला वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर नोंद होते काय? हिरवा पट्टा ठीक, पिवळा सावधगिरीचा, नारिंगी धोक्याचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

चौथी गोष्ट वागणुकीची. सर्व वस्त्यांची मुले एकाच पंगतीत बसतात काय? एखाद्या लेकराला मागे तर बसवत नाहीत ना? मूल सकाळी हसत जाते की रडते? गाणी, गोष्टी, खेळ होतात काय? मुलाला घ्यायला येणारा माणूस ओळखीचा आहे, याची खात्री केली जाते काय?

पारख म्हणजे भांडण नव्हे. सेविका व मदतनीस या मानधनावर राबणाऱ्या भगिनीच आहेत. वजनकाटा बिघडला, धान्य आले नाही, हा दोष बहुधा त्यांचा नसतो. आधी त्यांच्याशी बोलावे. न सुटल्यास पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी यांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेत विषय मांडावा.

आणि अंगणवाडीच नसेल तर? सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना त्यात प्राधान्य सांगितले आहे.

शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक सकाळ आपल्या अंगणवाडीत जावे. ज्या लेकरांचे आईबाप फडावर आहेत, त्यांच्या वतीने विचारणारे कोणी तरी गावात असलेच पाहिजे. ते आपण होऊ या.