चिंचोके, गजगे आणि भर दुपारचं घर

एप्रिल-मे महिन्यांत बीड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात सकाळचे अकरा वाजले की लेकरांना बाहेर सोडायची सोय राहत नाही. ऊन उतरेपर्यंतचे पाच-सहा तास घरातच काढायचे. अशा वेळी पहिला आधार मोबाईलचा वाटतो. तो हातात देणाऱ्या आईला किंवा आजीला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण पहाटेपासून राबणाऱ्या बाईला घटकाभर उसंत हवीच असते. पण याच दिवसांत, याच घरांत खेळाचं सामान ढिगानं पडलेलं असतं, ते चिंचोक्यांच्या रूपात.

उन्हाळा लागता लागता चिंचा उतरवल्या जातात आणि बायका चिंच फोडायला बसतात. गर बरणीत जातो, चिंचोके बाजूला पडतात. चिंचोका उभा धरून बत्त्यानं हलकेच ठोकला की त्याच्या दोन फाका होतात, एका अंगानं तपकिरी आणि दुसऱ्या अंगानं पांढऱ्या. अशा चार फाका म्हणजे घरचे फासे. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि पटाच्या मधोमध फुली मारायची. चिंचोके टाकल्यावर जितक्या पांढऱ्या बाजू वर येतील तितकं दान. चारही पांढऱ्या आल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कुठे याला चल्लस-आठ म्हणतात, कुठे अष्टचंगा. सोंगट्या बाहेरच्या घरांतून एक फेरा घेतात, मग आतल्या घरांतून उलट दिशेनं फिरत मधल्या फुलीत पोचतात. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही.

चार-पाच वर्षांच्या लेकराला हा सगळा खेळ एकदम झेपत नाही. त्याच्यासाठी सोंगटी मारण्याचा नियम काढून टाकावा आणि एकच सोंगटी ठेवावी. दान बघायचं आणि तितकी घरं बोटानं मोजत पुढे जायचं, इतकं पुरे. पाटीवर आठाचा आकडा गिरवण्याआधी आठ म्हणजे किती, हे त्याच्या बोटाला कळलेलं असतं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर पट न उधळणं हेही इथेच जमू लागतं, आणि मोजणीपेक्षा ते शिकायला अवघड आहे.

गजग्यांचं कसब वेगळं. काटेरी वेलाच्या या करड्या, गुळगुळीत बियांना कोकणात आणि पुण्याकडे सागरगोटे म्हणतात. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. हात आणि डोळा यांचा मेळ बसवणारा इतका स्वस्त खेळ दुसरा नसेल. आज्या त्यात तरबेज असतात. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातली कितीतरी जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मागे राहिलेली लेकरं आजी-आजोबांजवळ असतात. अशा घरात आजी हीच खेळगडी असते. तिला येणारे खेळ जुनाट समजून मोडीत काढणं हा नातवंडांचाच तोटा आहे.

घरातल्या वस्तूंतून लहान मूल शिकतं, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं श्रेय ताराबाई मोडक यांना जातं. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करताना त्यांनी माँटेसरी पद्धत आत्मसात केली. पण त्या पद्धतीची साधनं गरिबाला परवडणारी नव्हती. 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. तिथे आणि पुढे कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पानं अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं केली. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली. सिरसाळ्याच्या घरातले चिंचोके त्याच जातीचे.

दोन-तीन वर्षांच्या लेकरांना पट नको, ओतायला आणि भरायला हवं. परातीत दोन फुलपात्री ठेवून एकातलं पाणी दुसऱ्यात ओतू द्यावं; सांडलं तर परातीतच सांडेल. डब्यांना त्यांची झाकणं शोधून लावणं, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या जमवणं हे त्यांना कामासारखं वाटतच नाही. बाजेवरून जुनं लुगडं सोडलं की खाली घर तयार होतं आणि मग भातुकलीला ऊत येतो. लाइट गेली तर बॅटरीच्या उजेडात भिंतीवर हाताच्या सावल्यांचा ससा, कुत्रा, मोर करता येतो.

अंगाची हालचालही हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघायला तासाभराहून जास्त वेळ देऊ नये, आणि त्याहून लहानांना तर तो दाखवूच नये. खोली लहान असली तरी उशांवरून उड्या, बेडूकउड्या, चिंध्यांचा चेंडू टोपलीत टाकणं हे सहज होतं. चिंध्यांच्या चेंडूनं भांडी फुटत नाहीत, ही आईची सोय.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. तीन वर्षांखालचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. चिंचोका, गजगा, हरभरा, शेंगदाणा घशात अडकून श्वास कोंडू शकतो. त्यामुळे थोरल्यांचा पट मांडला असेल तेव्हा धाकट्याला कुणाच्या तरी मांडीवर घ्यावं. सोंगट्यांसाठी बांगडीच्या काचा वापरू नयेत, शर्टाच्या गुंड्या बऱ्या. बालाघाटच्या डोंगरांतलं सीताफळ बीडची शान आहे, 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच्या बिया खेळायला देऊ नयेत. बी फुटून आतली भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

पावसाळ्यात पुन्हा घरात बसायचे दिवस येतात आणि श्रावण अमावास्येच्या पोळ्याआधी मातीचे बैल करायला लेकरं उतावीळ होतात. इथली काळी माती वाळताना आकसते आणि बैलाच्या मानेलाच तडा जातो. म्हणून मातीत थोडा बारीक भुसा मळावा, पाय जाड ठेवावेत आणि बैल चुलीजवळ न ठेवता पडवीत, सावलीत वाळू द्यावेत.