पंखा वाकला, इंजिन का उघडायचं?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनाच्या होड्या चालवणाऱ्यांना पाण्याखालचे खडक नवे नाहीत. पंखा खडकाला आपटला, तर बहुतेक वेळा त्याच्या मधोमध असलेला रबरी बुश सुटतो किंवा छोटी पिन तुटते. धक्का तिथेच जिरतो आणि इंजिन वाचतं.

छोट्या विमानाला ही सोय नाही. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तिथे आलेल्या एटीआरचे पंखे टर्बाइनवर चालतात, त्यांची गोष्ट वेगळी. प्रशिक्षणाच्या दोन-चार आसनी विमानांत मात्र बहुधा लायकोमिंगसारखं पिस्टन इंजिन असतं आणि पंखा थेट क्रँकशाफ्टला बोल्टने आवळलेला असतो. उतरताना पुढचं चाक दुमडून पंखा जमिनीला लागला, की शाफ्टचं पुढचं टोक एकदम अडतं आणि मागचं फिरतच राहू पाहतं. तो पीळ सगळा पोलादात मुरतो. लायकोमिंगच्या मागच्या टोकाला एक गिअर एका बोल्टने आणि बारीक पिनेने धरलेला असतो. कॅमशाफ्ट, मॅग्नेटो, ऑइल पंप, सारं त्याच्यावर चालतं. पिन तुटली की हवेतच इंजिन बंद! म्हणूनच अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २००४मध्ये, पंखा आपटलेल्या अशा इंजिनांत हा जोड उघडून तपासणं आणि बोल्ट बदलणं सक्तीचं केलं. पाण्याला किंवा उंच गवताला लागून फेरे अचानक घटले, तरी कंपनी त्याला आपटणंच मानते.

अशी इंजिनं जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. ‘पंखा नवा टाकलाय, इंजिन झकास चालतंय’ असं कुणी सांगितलं, तर मी तरी पैसे काढणार नाही. काटकसर करायला जागा आहे: मापात बसणारे सिलिंडर पुन्हा वापरता येतात, व्हॉल्व्हच्या बैठका घासून घेता येतात. पण बेअरिंग, रिंगा, गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवेच हवेत.

क्रँकशाफ्ट आधी डायल गेजवर फिरवून वाकलाय का ते पाहतात. मग त्याला चुंबकित करून चमकणाऱ्या लोहकणांचं तेल ओततात आणि अंधारात अतिनील दिवा धरतात. तडा असेल तिथे कण गोळा होऊन हिरवी रेघ उमटते. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसवर चुंबक चालत नाही, तिथे रंगद्रव्य झिरपवतात.

रेघ दिसली, तर वेल्डिंग नाही, घासाघीस नाही. तो शाफ्ट भंगारात.